सागरी शैवालाचा तापमापक आणि मराठवाड्याचा पाऊस : एक चिकित्सा

कयाधू नदी कोरडी पडली की हिंगोली जिल्ह्यातील पावसाची चर्चा अरबी समुद्रापर्यंत जाऊन पोहोचते. समुद्र तापला की पाऊस वाढतो, असे समीकरण सहज मांडले जाते आणि त्याच्या समर्थनार्थ हजारो वर्षांपूर्वीच्या सागरी तापमानाचे आकडे पुढे केले जातात. हे आकडे ज्या पद्धतीने मिळतात, तिच्या मर्यादा लक्षात घेतल्यास हे समीकरण टिकत नाही.

समुद्राच्या वरच्या थरात वाढणारे एमिलियानिया हक्सलेयी हे सूक्ष्म शैवाल अल्केनोन नावाची संयुगे तयार करते. त्यांच्या रेणूत ३७ कार्बन अणूंची साखळी असते. पाणी थंड असल्यास तीन दुहेरी बंधांचे रेणू अधिक, उबदार असल्यास दोन बंधांचे अधिक. शैवाल मृत होऊन तळाशी जाते व ही संयुगे गाळात दीर्घकाळ टिकून राहतात. या गुणधर्माचा हवामानेतिहासासाठी उपयोग १९८६ साली ब्रॅसेल व सहकाऱ्यांनी दाखवून दिला. पुढे १९८८ साली प्राल व सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र सर्वमान्य झाले : निर्देशांक = ०.०३४ × तापमान + ०.०३९. पद्धत निःसंशय कल्पक आहे. थंड व समशीतोष्ण समुद्रांत तिने मोठे काम केले आहे.

अडचण उष्ण समुद्रात उद्भवते. निर्देशांक १ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे वरील सूत्राचा तापमापक २८.३ अंशांवरच संपतो. मे महिन्यात केरळालगतचा समुद्र याहून अधिक तापलेला असतो. सोन्झोन्यी व सहकाऱ्यांनी १९९७ साली हिंदी महासागराच्या पृष्ठगाळावरून वेगळे सूत्र मांडले, त्यात उतार केवळ ०.०२३ आहे. निर्देशांक ०.९८ आला, तर पहिले सूत्र २७.७ अंश सांगते आणि दुसरे २८.९. फरक १.२ अंशांचा. शेवटच्या हिमयुगात उत्तर हिंदी महासागर याच पद्धतीनुसार थंड झाला होता तो जेमतेम दीड ते अडीच अंशांनी! टियर्नी व टिंगली यांनी २०१८ साली संख्याशास्त्रीय मार्गाने उष्ण टोकाकडील वाढती अनिश्चितता स्पष्टपणे मांडली, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

तथापि दुसरा आक्षेप सूत्र बदलून दूर होणारा नाही. शैवाल वर्षभर सारखे वाढत नाही. अरबी समुद्रात त्याची वाढ मुख्यतः पावसाळी व हिवाळी मोसमी वाऱ्यांच्या काळात होते. त्यामुळे गाळातील आकडा वार्षिक सरासरीचा नसून त्या ऋतूंकडे झुकलेला असण्याची शक्यता असते. त्यातही सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवर नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की खोलवरचे थंड पाणी वर येते. साहजिकच तेथील थंड आकडा दुर्बळ नव्हे, तर प्रबळ मान्सूनचा निदर्शक असू शकतो. ओमानलगतचा आकडा आणि केरळालगतचा आकडा एकाच मापाने वाचणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हिंगोलीच्या संदर्भात आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील मराठवाड्याला बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचाही पाऊस मिळतो. केवळ अरबी समुद्राच्या गाळावरून येथील दुष्काळाचा इतिहास लिहिता येणार नाही. त्यासाठी जमिनीवरचा पुरावा हवा, आणि तो दूर नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळावरून सुषमा प्रसाद व सहकाऱ्यांनी २०१४ साली गेल्या सुमारे ११,००० वर्षांतील मान्सूनचा आलेख मांडला. त्यात ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन प्रदीर्घ दुष्काळी कालखंड आढळतात. या अभ्यासकांनी त्या दुष्काळांचा संबंध जोडला आहे तो हिंदी-प्रशांत महासागरातील उष्ण जलक्षेत्राशी, म्हणजे पूर्वेकडील समुद्राशी.