कलावंत-अभ्यास की दृश्यसंग्रह? : डिजिटल कला प्रकल्पाच्या पूर्वतयारीची चिकित्सा

प्रास्ताविक

दृक्‌कला, माध्यम-अभ्यास किंवा संगणकीय आरेखन यांपैकी कोणत्याही विषयाच्या पदवी वर्गात डिजिटल कला प्रकल्प हाती घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही कलावंतांचा अभ्यास करावा आणि त्या अभ्यासातून आपली कल्पना घडवावी, अशी अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. परंतु प्रत्यक्षात सादर होणाऱ्या शोधवह्यांचे स्वरूप पाहिले असता एक ठरीव साचा वारंवार आढळतो. कलावंताचे छायाचित्र, जन्ममृत्यूची साले, चार-पाच कलाकृतींच्या प्रतिमा, त्याखाली ‘रंगसंगती मनाला भावते’ यासारखे एखादे वाक्य, आणि पुढच्याच पानावर त्या प्रतिमांच्या धाटणीचे विद्यार्थ्याचे स्वतःचे चित्र. अभ्यास आणि निर्मिती यांच्यामध्ये जे घडायला हवे होते, त्याचा मागमूस या दोन पानांच्या मध्ये कोठेही सापडत नाही.

या साच्याचा दोष विद्यार्थ्याच्या आळसात शोधणे सोपे असले तरी ते अपुरे ठरते. कलावंत-अभ्यास म्हणजे कलावंताच्या कृती कशा दिसतात याची नोंद, अशी समजूत अध्यापन आणि मूल्यमापन या दोन्ही बाजूंनी रूढ झाली आहे. डिजिटल कलेच्या बाबतीत ही समजूत विशेष घातक आहे. या कलेचा गाभा पुष्कळदा दृश्यात नसून ते दृश्य ज्या रीतीने सिद्ध झाले त्या रीतीत असतो. कोणता नियम घातला, कोणती मर्यादा स्वीकारली, यंत्रावर काय सोपवले आणि कलावंताने स्वतःच्या हाती काय राखले, या प्रश्नांना न भिडणारा कलावंत-अभ्यास हा केवळ दृश्यसंग्रह ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अनुकरणाचा प्रश्न

यावर असा आक्षेप घेता येईल की, अनुकरण हा कलाशिक्षणाचा जुना आणि मान्य मार्ग आहे. आक्षेप खरा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे (स्थापना १८५७) विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करीत होते. पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्याच कामातून घडला. त्या प्रतींपैकी अनेक प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. परंतु त्या करताना हाताला आणि डोळ्याला जे कळले होते ते जळण्यासारखे नव्हते. रेषा कोठे जाड होते, रंगाखाली कोणता रंग आहे, पडझड झालेल्या भागात मूळ आकृती कशी असावी, याचा निर्णय प्रत करणाऱ्याला क्षणोक्षणी घ्यावा लागत असे. हाताने केलेली प्रत ही रीतीचीच प्रत असते.

पडद्यावरील अनुकरणात हा निर्णयाचा भाग गळून पडतो. तयार ‘फिल्टर’ लावला की परिणाम मिळतो. तो कसा मिळाला हे जाणण्याची गरज उरत नाही. २०२२ पासून मजकुरावरून चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्यानंतर तर ‘अमुक कलावंताच्या शैलीत’ एवढे शब्द लिहिणे पुरेसे झाले. साहजिकच, ‘शैलीचा प्रभाव दिसतो’ हा मूल्यमापनाचा निकष आता कष्टाचाही पुरावा देत नाही आणि आकलनाचाही देत नाही. (पूर्वीही तो आकलनाचा पुरावा देत होता का, ही शंका वेगळी.)

मोल्नार : यंत्राआधीचे यंत्र

या दृष्टीने वेरा मोल्नार (१९२४–२०२३) यांचे उदाहरण बोधप्रद आहे. बुडापेस्ट येथे चित्रकलेचे शिक्षण घेऊन १९४७ मध्ये पॅरिसला आलेल्या या चित्रकर्तीने १९५९ पासून ‘काल्पनिक यंत्र’ नावाची पद्धत अवलंबली. तिच्याजवळ त्या वेळी संगणक नव्हता. मोजके साधे आकार घ्यायचे, त्यांच्यावर करावयाच्या क्रिया आधी ठरवून टाकायच्या आणि जणू आपणच यंत्र आहोत अशा रीतीने त्या क्रिया पायरीपायरीने कागदावर उतरवायच्या, असा तो नेम होता. प्रत्यक्ष संगणक तिच्या वापरात आला तो १९६८ साली. म्हणजे तिच्या कलेतील ‘संगणकीयता’ संगणकाच्या जवळजवळ नऊ वर्षे आधीची आहे. तिची गणना डिजिटल कलेच्या आद्य प्रवर्तकांत होते, ती केवळ उपकरणामुळे नव्हे.

१९७४ च्या सुमारास तिने केलेल्या ‘(डे)झॉर्द्र’ या मालिकेत, म्हणजे व्यवस्था आणि अव्यवस्था यांच्या खेळात, एकात एक बसवलेल्या चौकोनांच्या रांगा आहेत आणि त्या चौकोनांचे कोपरे किंचित ढळलेले आहेत. विद्यार्थ्यांच्या वह्यांत अशा कृतींचे रूपांतर सहसा वाकड्यातिकड्या चौकोनांच्या एका रंगीत चित्रात होते. चित्र बरे दिसतेही. पण मोल्नारच्या कृतीत वाकडेपणा ही हाताची लहर नसून मोजलेली गोष्ट आहे. कोपरा किती अंतरापर्यंत ढळू द्यायचा याची सीमा ती ठरवते. त्या सीमेच्या आत तो नेमका कोठे पडेल हे यंत्राच्या यदृच्छेवर सोडते. आणि तयार झालेल्या अनेक चित्रांतून कोणते ठेवायचे हे पुन्हा स्वतः पाहून ठरवते. ‘एक टक्का अव्यवस्था’ ही तिची आवडती कल्पना याच हिशेबातून आलेली आहे. अव्यवस्था शून्य असेल तर चित्र निर्जीव होते, फार वाढली तर व्यवस्था होती हेच कळत नाही; तिचे सारे कलाभान या दोहोंमधील चिंचोळ्या पट्ट्यात कार्य करते. हे समजलेल्या विद्यार्थ्याने चौकोन काढलेच पाहिजेत असे नाही. तो वर्गाच्या हजेरीपटावर काम करील, लोकलच्या वेळापत्रकावर करील. पण नियम कोठे आणि ढळ किती, हा प्रश्न तो स्वतःला विचारील. अभ्यासाचा संस्कार झाला असे तेव्हा म्हणता येते.

चित्र न पाहिलेले यंत्र

हॅरॉल्ड कोहेन (१९२८–२०१६) यांचे उदाहरण आजच्या संदर्भात अधिक टोकदार वाटते. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केलेला हा चित्रकार १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला, संगणकाची भाषा शिकला आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून मृत्यूपर्यंत ‘आरॉन’ नावाच्या एकाच आज्ञावलीवर काम करीत राहिला. आरॉनला दुसऱ्यांची चित्रे दाखवून शिकवलेले नव्हते. बंद आकृती आणि खुली आकृती यांत फरक काय, आत आणि बाहेर म्हणजे काय, एका आकृतीमागे दुसरी कशी झाकली जाते, असे चित्रकाराच्या अंगवळणी पडलेले ज्ञान कोहेनने शब्दाशब्दाने नियमांत बांधले. स्वतःला काय येते याचा शोध घेतल्याखेरीज ते यंत्राला सांगता येत नव्हते.

आजच्या चित्रजनक प्रणालींची जडणघडण नेमकी उलट आहे. त्यांनी अगणित चित्रे पाहिलेली असतात आणि वापरणाऱ्याला आपले ज्ञान स्पष्ट करण्याची गरज नसते. दोन्हींना ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची कला’ या एकाच मथळ्याखाली बसवणारी वही परीक्षकाने परत करावी, इतका हा भेद मूलभूत आहे. प्रणाली वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. ती वापरणाऱ्या विद्यार्थ्याने आपण कोणता निर्णय घेतला आणि कोणता घेतला नाही, हे सांगितले पाहिजे एवढेच.

मुंबईतील एक धागा

शोधवह्यांतील कलावंतांची नावे बहुधा युरोप-अमेरिकेतील असतात. जी नावे शोधयंत्राच्या पहिल्या पानावर येतात तीच वहीत येतात, हे त्याचे साधे कारण. परिणामी, नियमाधारित दृश्यरचनेचा एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईतच झाला होता, हे मुंबईच्याच विद्यार्थ्याला ठाऊक नसते.

अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी १९६९ मध्ये मिळालेल्या जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीच्या रकमेतून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकमेकांची साधने हाताळावीत, असा त्यामागील हेतू होता. तेथे पदमसींनी ‘सिझिजी’ हा मूकपट सिद्ध केला. सुमारे अकरा मिनिटांच्या या कृष्णधवल पटात बिंदू आणि रेषा यांखेरीज काही नाही. बिंदूंना संख्या देऊन, ठरावीक क्रमाने ते जोडत पदमसींनी सुमारे एक हजार रेखाचित्रे काढली आणि राम मोहन यांनी त्यांना गती दिली. संगणकाचा स्पर्श नसलेली ही कृती वृत्तीने डिजिटल आहे. मोल्नारचे ‘काल्पनिक यंत्र’ आणि पदमसींचा हा क्रमबद्ध आराखडा यांची तुलना एखाद्या विद्यार्थ्याने केली, तर दोन टोकांच्या शहरांत हातानेच चालवलेल्या दोन आज्ञावल्या त्याच्यासमोर येतील. एकीला नंतर यंत्र मिळाले. दुसरीने छायाचित्रणाचा मार्ग धरला. हा फरक का पडला, हा प्रकल्पाचा उत्तम विषय आहे.

त्याच कार्यशाळेत, जे. जे. तून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी (जन्म १९४६) यांनी १९६९ मध्ये ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. पुढे अर्धशतकानंतर त्यांनी टॅबलेटच्या पडद्यावर बोटाने रेखाटलेल्या ८८ चलचित्रांची ‘कॅन यू हिअर मी?’ (२०१८–२०२०) ही मांडणी घडवली. येथे मात्र वरील विवेचनाला एक मर्यादा घालावी लागते. मालानींच्या या कृतीत मोल्नारसारखा नियम नाही. तीत पुसणे आहे, पुन्हा ओढणे आहे, आकृतीवर आकृती येणे आहे, अस्वस्थ हस्ताक्षर आहे. रीत म्हणजे केवळ संगणकीय सूत्र असे मानणारा अभ्यासकही अखेर एका नव्या साच्यातच अडकेल. उपकरण एक असले तरी रीती भिन्न असू शकतात, हे मालानी आणि मोल्नार एकाच वहीत आल्यावर ध्यानात यावे.

आंतरविद्याशाखीय शक्यता

रीतीचा अभ्यास करायचा तर कलाशिक्षक एकटा पुरा पडत नाही, ही अडचण वास्तव आहे. परंतु तिच्यावरील उपाय महाविद्यालयाच्या आवारातच असतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी यांनी रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अंगणात बायका रोज काढतात त्या आकृत्यांना नियम आहेत आणि ते औपचारिक भाषेत लिहिता येतात, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीकडे गणिताच्या प्राध्यापकाने आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याने याच नजरेने एकत्र पाहिले, तर निघणारा प्रकल्प पडद्यावर रांगोळीचे रंगीत चित्र चिकटवण्यापेक्षा निश्चितच वेगळा असेल. दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक मंडळात गणित विभागाला कधी स्थान मिळाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

मूल्यमापनाच्या बाजूने पाहता, वहीत किती कलावंत आहेत यापेक्षा एका कृतीची रीत विद्यार्थ्याने कितपत उलगडली याला गुण देणे इष्ट ठरेल. दहा नावांची वही आणि एकाच कृतीवरील दहा पाने, यांत दुसरीचे वजन अधिक मानले गेले तर साचा आपोआप सैल होईल. मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला अभ्यासलेल्या कृतीची प्रतिमा न दाखवता ती कशी घडते एवढेच सांगायला लावावे. ऐकणाऱ्याला त्या वर्णनावरून कागदावर काही काढता आले, तर अभ्यास झाला असे समजावे.

अशा परीक्षेसाठी पदमसींचीच आणखी एक कृती हाताशी आहे. ‘सिझिजी’च्या आगेमागे त्यांनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा दुसरा लघुपट केला होता. त्याची एकमेव प्रत हरवली. आशिम अहलुवालिया यांनी २०१६ मध्ये वृद्ध पदमसींसह त्या पटाची पुनर्रचना करणारा चित्रपट केला, तेव्हा मूळ चौकटींपैकी काहीही त्यांच्या हाती नव्हते. होती ती फक्त पदमसींची आठवण, प्रकाश आणि आकार यांची योजना कशी केली होती याची. या कृतीवर वही लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चिकटवण्यासाठी मूळ प्रतिमा मिळणार नाही.