स्ट्रँडवरचा डिकन्स : एका नाताळोत्सवाची संहिता आणि तिच्यातील गाळलेल्या जागा

प्रास्ताविक

साहित्यकृतीचे वाचन केवळ पुस्तकातच होते असे नाही. कीर्तनात, रंगमंचावर, चित्रपटात आणि उत्सवातही ती पुन:पुन्हा वाचली जाते. अशा प्रत्येक वाचनात काही राखले जाते, काही गाळले जाते. जे राखले जाते त्यावरून वाचणाऱ्या समाजाची आवड कळते. जे गाळले जाते त्यावरून त्याची अडचण कळते. हे सूत्र पुढे ठेवून प्रस्तुत लेखात एका परदेशी उत्सवाची संहिता म्हणून चिकित्सा करावयाची आहे. टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या लहानशा नगरात दरवर्षी डिसेंबरच्या प्रारंभी भरणारा ‘डिकन्स ऑन द स्ट्रँड’ हा तो उत्सव होय. येथील विवेचन उत्सवाच्या जाहीर रचनेवर आधारलेले आहे. प्रवासवर्णन करणे हा त्याचा हेतू नाही.

नगर, रस्ता आणि उत्सवाची घडण

गॅल्व्हेस्टन हे मेक्सिकोच्या आखातातील एका अरुंद बेटावर वसलेले बंदर आहे. १८८० च्या जनगणनेत ते टेक्सासमधील सर्वांत मोठे शहर होते. कापसाची निर्यात, पेढ्या, घाऊक व्यापार यांचे केंद्र असलेल्या तेथील ‘अ‍ॅव्हेन्यू बी’ या रस्त्याला लंडनमधील प्रसिद्ध रस्त्यावरून ‘स्ट्रँड’ हे नाव मिळाले. निकोलस क्लेटन या वास्तुकाराने बांधलेल्या इमारती आणि ओतीव लोखंडाच्या दर्शनी बाजू असलेली गोदामे आजही त्या वैभवाची साक्ष देतात. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळाने या नगराचे किमान सहा हजार लोक गिळले. पुढे सागरी भिंत उभी राहिली, बेटाची पातळीही उंचावण्यात आली. परंतु १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाज-कालवा खुला झाला आणि व्यापार तिकडे वळला. २०२० च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या ५३ हजारांहून थोडी अधिक आहे.

व्यापार गेल्यामुळे स्ट्रँडवरील इमारती पाडून नव्या बांधण्याची निकड कोणालाच भासली नाही. दारिद्र्याने वारसा राखला, असे येथे विरोधाभासाने म्हणता येईल. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात या पडक्या गोदामांकडे लोकांचे लक्ष वेधावे म्हणून गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन या संस्थेने डिकन्सच्या नावाने एक नाताळ-सायंकाळ साजरी केली. तिचाच पुढे दोन-तीन दिवसांचा उत्सव झाला. १९७६ मध्ये स्ट्रँड परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेल आणि वायू उद्योगातील धनिक व गॅल्व्हेस्टनचे भूमिपुत्र जॉर्ज मिचेल यांनी पत्नी सिंथिया यांच्यासह तेथील अनेक वास्तूंचे पुनरुज्जीवन केले. उत्सवाच्या उत्पन्नातून संस्थेच्या जतनकार्याला आजही हातभार लागतो. ही जमेची बाजू आरंभीच नोंदविणे न्याय्य ठरेल. जुने वाडे आणि पेठा आपल्या डोळ्यांदेखत जमीनदोस्त होताना पाहणाऱ्यांनी तरी या कार्याला सहज नाक मुरडू नये.

उत्सवाचे स्वरूप असे : ठरावीक रस्ते कुंपण घालून बंद केले जातात आणि तिकीट काढून आत प्रवेश मिळतो. व्हिक्टोरियन पोशाखात येणाऱ्यांना तिकिटात सवलत दिली जाते. राणी व्हिक्टोरियाची मिरवणूक निघते. पिकविकच्या नावाने कंदिलांची मिरवणूक निघते. पदपथांवर खाद्यपेये आणि कलावस्तूंची दुकाने लागतात. डिकन्सच्या वंशजांनाही या सोहळ्यात पाहुणे म्हणून पाचारण केले जाते. स्वत: डिकन्स मात्र गॅल्व्हेस्टनला कधीच आला नाही. १८४२ आणि १८६७-६८ अशा दोन्ही अमेरिकावाऱ्यांत त्याचे पाऊल टेक्सासला लागले नाही.

राखलेली पाने

या उत्सवाच्या मुळाशी असलेली कृती म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरोल’. १९ डिसेंबर १८४३ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळपूर्वीच संपली. उत्सवाने तिच्यातील कोणती पाने राखली आहेत? पहिले, फेझिविगच्या नृत्याचे पान. दुसरे, तिसऱ्या भागातील भरगच्च बाजाराचे पान. फळांचे ढीग, टांगलेले द्राक्षांचे घड, किराणा दुकानांतील सुगंध यांचे डिकन्सने केलेले वर्णन म्हणजे उपभोगाचा महोत्सवच आहे. म्हणून ‘बाजाराने डिकन्सला भ्रष्ट केले’ असा सोपा आक्षेप येथे टिकत नाही. डिकन्स स्वत: बाजाराचा लेखक होता. पुस्तकाची किंमत, बांधणी, चित्रे यांत तो जातीने लक्ष घालीत असे. नक्कल करणाऱ्या प्रकाशकांवर त्याने दावेही लावले. स्ट्रँडवरील दुकाने पाहून तो दु:खी झाला असता, असे मानण्यास आधार नाही.

परंतु फेझिविगचे पान जरा बारकाईने वाचले पाहिजे. फेझिविग हा व्यापारी आहे आणि त्याचे नृत्य गोदामात होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो काम थांबवतो, सामान बाजूला सारतो आणि दार उघडतो. मग घरची मोलकरीण येते, स्वयंपाकीण येते, दूधवाला येतो, आणि मालक पोटभर खायला घालत नसावा असा संशय असलेला समोरच्या घरचा पोरगाही येतो. या प्रसंगाचे सौंदर्य मेजवानीत नाही, उघड्या दारात आहे. स्ट्रँडवर नेमके गोदाम आहे, नृत्य आहे, मेजवानी आहे. दाराच्या जागी मात्र तिकीटखिडकी आहे. संस्थेला पैसा लागतो हे मान्य करूनही मूळ प्रतिमेचा प्राण येथे निसटला, हे नमूद करावेच लागते.

मिखाइल बाख्तिनने राब्लेवरील ग्रंथात कार्निव्हलचे जे विवेचन केले आहे त्याच्याशी या उत्सवाची तुलना उद्बोधक ठरते. कार्निव्हलमध्ये प्रेक्षक आणि नट असा भेद नसतो. तसेच तेथे श्रेणीव्यवस्था तात्पुरती उलथली जाते. पहिला निकष स्ट्रँडवर बऱ्याच अंशी पूर्ण होतो. पोशाख करून आलेला माणूस पाहणाराही असतो आणि पाहिला जाणाराही. दुसरा निकष मात्र पूर्ण होत नाही. राणी राणीच राहते, तिच्यापुढे टोप्या उतरतात. धुराडी साफ करणारा पोरगा हेही एक मोहक सोंग ठरते. सोंगात काजळी गालाला लागते, फुप्फुसात जात नाही.

गाळलेली पाने

‘कॅरोल’चा जन्म कशातून झाला हे पाहिले म्हणजे गाळलेल्या जागा स्पष्ट होतात. १८४३ च्या आरंभी बालकामगारांविषयीच्या आयोगाचा अहवाल डिकन्सच्या वाचनात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने लंडनमधील फील्ड लेन येथील अनाथ-दरिद्री मुलांची शाळा पाहिली. त्यातून तिसऱ्या भागाच्या अखेरीचे ते भयंकर दृश्य आले : आनंदमूर्ती भासणाऱ्या नाताळच्या आत्म्याच्या झग्याखालून दोन खंगलेली मुले बाहेर पडतात. मुलगा अज्ञान आहे, मुलगी दैन्य आहे. स्क्रूज हेलावतो, तेव्हा तुरुंग आणि गरिबांची श्रमगृहे यांविषयीचे त्याचेच जुने उद्गार आत्मा त्याच्या तोंडावर फेकतो. १८३४ च्या गरीब-कायद्यावर आणि लोकसंख्येच्या ‘अतिरिक्त’ भागाची भाषा करणाऱ्या अर्थशास्त्रावर झालेला हा थेट प्रहार आहे. कृतीच्या रचनेत तो बाजाराच्या वर्णनाला जोडूनच येतो. झगा उत्सवी असल्याशिवाय त्याखालची मुले इतकी भेसूर दिसली नसती. उत्सवाने झगा उचलला आणि मुले तेथेच ठेवली, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

याहून जिव्हारी लागणारी विसंगती नावातच दडलेली आहे. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात असताना बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना कागद बांधीत आणि लेबले चिकटवीत बसत असे. तो कारखाना हंगरफोर्ड स्टेअर्स येथे, म्हणजे लंडनच्या स्ट्रँडलगतच होता. ‘स्ट्रँडवरचा डिकन्स’ हे शब्द अक्षरश: घेतले तर आधी उभा राहतो तो कामाला जुंपलेला एक पोर, सुखी नाताळ मागाहून येतो. आयुष्यभर उराशी जपलेले हे शल्य त्याने जॉन फॉर्स्टरला सांगितले आणि ते जगाला कळले ते त्याच्या मृत्यूनंतर. उत्सवाचे नाव नकळत ही जखम उच्चारीत असते.

रस्त्याची दुसरी स्मृती

एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ‘घडविलेली परंपरा’ ही संकल्पना रूढ केली. घडविलेली परंपरा खोटीच असते असे नाही. पण तिने कोणता भूतकाळ निवडला, हे विचारावे लागते. गॅल्व्हेस्टनच्या स्ट्रँडला स्वत:चा असा एक भूतकाळ आहे, जो लंडनहून आणावा लागत नाही. १९ जून १८६५ रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजर याच्या नावाने टेक्सासमधील सर्व गुलाम मुक्त झाल्याचा आदेश याच नगरात निघाला. त्याचे मुख्यालय असलेली ऑस्टरमन इमारत स्ट्रँड आणि बाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. ती आज उभी नाही. २०१४ मध्ये तेथे ऐतिहासिक फलक लागला आणि २०२१ मध्ये ‘संपूर्ण समता’ या अर्थाच्या शीर्षकाचे भव्य भित्तिचित्र साकारले. त्याच वर्षी १९ जून हा अमेरिकेत राष्ट्रीय सुटीचा दिवस ठरला.

आता कालपट जुळवून पाहू. डिसेंबर १८४३ मध्ये लंडनला ‘कॅरोल’ हातोहात खपत होते, तेव्हा टेक्सास हे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि गुलामगिरीला तेथे घटनेचे संरक्षण होते. त्याच्या आदल्याच वर्षी डिकन्सने ‘अमेरिकन नोट्स’मध्ये गुलामगिरीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले होते. म्हणजे या रस्त्याला लागू पडेल असे डिकन्सचे पान उपलब्ध आहे. उत्सवाने ते उघडलेले नाही.

येथे एक प्रामाणिक खुलासा करणे आवश्यक आहे. डिकन्सची करुणाही सर्वत्र सारखी नव्हती. १८५७ च्या उठावानंतर एका खाजगी पत्रात त्याने, आपण हिंदुस्थानात सेनापती असतो तर त्या वंशाचा नि:पात करण्याची शिकस्त केली असती, अशा आशयाचे लिहिले. त्याच वर्षीच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’च्या नाताळ अंकात विल्की कॉलिन्ससह लिहिलेल्या कथेत त्या क्रोधाची सावली आहे. तेव्हा भारतीय वाचकाने ‘खरा डिकन्स’ विरुद्ध ‘उत्सवी डिकन्स’ असे भाबडे द्वंद्व उभे करू नये. सगळा डिकन्स वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.

आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. स्ट्रँडचे वैभव कापसावर उभे होते. तो कापूस आधी गुलामांच्या आणि नंतर वाट्याने शेती करणाऱ्यांच्या श्रमातून पिकला. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकी बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे धाव घेतली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले. जून १८६५ मध्ये गॅल्व्हेस्टनला मुक्तीचा आदेश निघाला आणि जुलैमध्ये मुंबईचा शेअरबाजार बुडाला. स्ट्रँडच्या गोदामांचा इतिहास आपल्या कापूस-बाजारांच्या इतिहासापासून इतका दूर नाही.

झग्याखालची घरे

गाळलेली पाने केवळ भूतकाळातील असती तर हा वाद अभ्यासिकेपुरता राहिला असता. १३ सप्टेंबर २००८ रोजी ‘आइक’ चक्रीवादळ गॅल्व्हेस्टनवर आदळले. स्ट्रँड पाण्याखाली गेला. चार वसाहतींतील ५६९ सार्वजनिक घरे निकामी झाली आणि पाडण्यात आली. त्यांतील रहिवासी गरीब आणि बहुतांशी कृष्णवर्णीय होते. ही घरे पुन्हा बांधावीत की नाही, यावर नगरात अनेक वर्षे कडवा वाद चालला. २०१२ ची महापौरपदाची निवडणूकही याच प्रश्नावर गाजली आणि पुनर्बांधणीला विरोध करणारा उमेदवार विजयी झाला. पुढे संघराज्य सरकारच्या दडपणामुळे मिश्र उत्पन्नगटांसाठी काही घरे झाली. पाडलेल्या वसाहतींपैकी एक याच स्ट्रँड रस्त्यावर, उत्सवाच्या परिसरापासून थोड्याच अंतरावर होती.

ज्या नगरात दरवर्षी स्क्रूजचे हृदयपरिवर्तन साजरे होते, त्याच नगरात गरिबांची घरे परत यावीत की नाहीत हा मतदानाचा प्रश्न व्हावा, यात डिकन्सला नवल वाटले नसते. गरिबांना सोयी आहेतच की, मग मी का द्यावे, हा स्क्रूजचा पहिला प्रश्न होता. किंबहुना येथे ‘कॅरोल’ची स्वत:ची मर्यादाही उघडी पडते. स्क्रूज बदलतो तो एकटा. तो टर्की पाठवतो, बॉबचा पगार वाढवतो. कायदा मात्र जेथल्या तेथे राहतो. दानाने नाताळ साजरा होतो, त्याने घरे उभी राहत नाहीत. उत्सवाने कृतीचा गोडवा घेतला आणि तिची ही अपूर्णताही जशीच्या तशी घेतली.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, ‘डिकन्स ऑन द स्ट्रँड’ने एक ऐतिहासिक परिसर वाचविण्यास मदत केली, हे त्याचे निर्विवाद श्रेय आहे. दोन, त्याने ‘कॅरोल’चे अपवाचन केलेले नाही, अर्धवाचन केले आहे, आणि अर्धवाचन अधिक फसवे असते, कारण त्यातील प्रत्येक तपशील खरा असतो. तीन, या रस्त्याच्या दोन स्मृती दोन महिन्यांत वाटून ठेवल्या गेल्या आहेत. जूनमध्ये मुक्ती आणि डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया, अशी ही वाटणी असून त्यांची गाठ पडत नाही. ज्या कोपऱ्यावर भित्तिचित्र आहे तेथून कंदिलांची मिरवणूक हाकेच्या अंतरावर असते.

साहित्याच्या अध्यापकाला यातून एक कामही मिळते. वर्गात ‘कॅरोल’ शिकविताना आपणही टायनी टिमच्या आशीर्वादापर्यंत घाईने पोहोचतो. झग्याखालची दोन मुले परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतात. गॅल्व्हेस्टनच्या नागरिकांनी काय गाळले हे दाखविणे सोपे आहे. आपल्या टिपणवह्यांत काय गाळले गेले, हे तपासण्याची सुरुवात मात्र आपल्यालाच करावी लागेल.