मधुमेह संशोधनासाठीचा बीजनिधी : पुणे जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :
नव्याने संशोधनाकडे वळलेल्या शिक्षकाला आपली कल्पना तपासून पाहता यावी, यासाठी विद्यापीठ देत असलेल्या प्राथमिक रकमेस बीजनिधी म्हटले जाते. अशा निधीची गरज सर्वमान्य आहे. तथापि, मधुमेहासारख्या अनेक वर्षे नकळत वाढणाऱ्या विकाराच्या अभ्यासाला त्याची रचना मानवते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

पुण्याचा अनुभव :
केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलोग्रॅम होते. परंतु वजनातील तफावतीच्या मानाने त्वचेखालील मेदातील तफावत अल्प आढळली. 2004 मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, मेदाचे प्रमाण मात्र अनुक्रमे 21.2 व 9.1 टक्के होते. कृश देहातही मधुमेहाचे मूळ असू शकते, हे यातून स्पष्ट झाले. त्याच कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यामुळे हा अभ्यास फलदायी ठरला. त्याचा प्रमुख आर्थिक आधार वेलकम ट्रस्ट, म्हणजे विद्यापीठाबाहेरचा होता, ही बाब विद्यापीठांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

रचनेतील उणिवा :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांना व पुणे विद्यापीठाच्या बीसीयूडी अनुदानाला महाविद्यालयीन शिक्षकांच्या संशोधनात मोठे स्थान होते. अशा योजनांत कालावधी अल्प असतो आणि यशाचे माप अंतिम अहवाल व शोधनिबंध हेच असते. मधुमेहाच्या क्षेत्रीय अभ्यासाला ही चौकट अपुरी पडते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात 16.4, तर ग्रामीण भागात 8.9 टक्के आहे. मधुमेहपूर्व अवस्थेत मात्र ही दरी जवळजवळ नाही (15.4 व 15.2 टक्के). खेड्यांतील उद्याचे रुग्ण या आकड्यांत दडलेले आहेत. मावळ तालुक्यातील कुरवंडे हे लोणावळ्यालगतचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. परंपरेने भातशेतीच्या या पट्ट्यात पर्यटनाने श्रमाचे व आहाराचे स्वरूप कसे बदलले आणि रक्तशर्करेवर त्याचा काय परिणाम झाला, हा तेथील तरुण प्राध्यापकाला सहज सुचणारा विषय आहे. परंतु नैतिकता समितीची मान्यता, ग्रामस्थांचा विश्वास व पावसाळ्याचे महिने वजा जाता त्याच्या हाती एकाच मोजणीपुरता वेळ उरतो. एका मोजणीवरून प्रमाण कळते, कारण कळत नाही. शिवाय ज्याच्या रक्तात साखर वाढलेली आढळली, त्या ग्रामस्थाकडे प्रकल्प संपल्यावर कोणी जायचे, याचे उत्तर मंजुरीपत्रात नसते. ही उणीव केवळ शास्त्रीय नसून नैतिकही आहे.

अल्प निधीतून दीर्घकालीन अभ्यास शक्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. मात्र बीजनिधीने संपूर्ण अभ्यास पेलावा, अशी अपेक्षाच नाही. पुढे मोठ्या अनुदानास पात्र ठरेल असा पाया त्यातून घातला जावा, एवढेच अपेक्षित आहे.

निष्कर्ष :
त्या दृष्टीने बीजनिधी टप्प्याटप्प्याने द्यावा. पहिल्या टप्प्यात संमती, नोंदी व प्राथमिक मोजणी व्हावी. पुढील टप्पा शोधनिबंधांच्या संख्येवर नव्हे, तर किती सहभागी पुनर्मोजणीस आले यावर ठरावा. उपकरणांइतकाच क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या मानधनाला खर्चात वाव असावा. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालयाशी लेखी सहकार्य अनिवार्य करावे. बी पेरून पहिल्याच हंगामात शेत सोडून जाणाऱ्यास पीक मिळत नाही, हे मावळच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. निधी देणाऱ्या यंत्रणेनेही ते ध्यानी घेणे अगत्याचे आहे.