नाममुद्रा आणि वितरकाचा करार

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले गाव. त्या परिसरातील एखाद्या भजनी गायकास स्वखर्चाने ध्वनिमुद्रित केलेला अभंग स्पॉटिफायसारख्या श्रवणमंचावर आणावयाचा असेल, तर प्रथम वितरक निवडावा लागतो. ही निवड केवळ दराची बाब समजली जाते. आमच्या मते तो आधी संहितेचा प्रश्न आहे.

वितरकाच्या प्रपत्रात गीतकार, संगीतकार व ध्वनिमुद्रणाचा हक्कधारक असे वेगवेगळे रकाने असतात. अभंगाचा कर्ता मात्र अखेरच्या चरणात नाममुद्रेने उभा असतो. आणि नामदेवगाथेत विष्णुदासनाम्यासारख्या उत्तरकालीन कवीची रचना मिसळलेली असल्याने ती मुद्राही निर्णायक नव्हे. संपादक जेथे तळटीप लिहून सुटतो, तेथे गायकाने एका शब्दात उत्तर द्यावे अशी अपेक्षा! प्राचीन शब्दांवर आज कोणाचाच स्वामित्वहक्क नाही. गायकाने स्वतः बांधलेली चाल मात्र त्याची ठरते. पारंपरिक चालीसमोर स्वतःचे नाव लिहिणे हे असत्यकथन होय. शिवाय त्या आधारे यूट्यूबवर हक्क सांगितल्यास तीच चाल गाणाऱ्या शेजारच्या दिंडीला उपद्रव होण्याचा संभव असतो.

आता दराविषयी. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेते. वर्गणी थांबली आणि वेगळे शुल्क भरून ठेवलेले नसले, तर गीत मंचांवरून उतरविले जाऊ शकते. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनास एकदाच शुल्क आकारते, परंतु उत्पन्नातून ९ टक्के ठेवून घेते. वरवर पाहता हे ९ टक्के जाचक वाटतात. तथापि २०२४ पासून स्पॉटिफाय मागील १२ महिन्यांत १००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास मोबदला देत नाही. जेथे उत्पन्नच नाही तेथे ९ टक्के म्हणजे शून्य. वर्गणी मात्र दरवर्षी भरावीच लागते. वारंवार नवे गीत काढणाऱ्यास वर्गणी परवडेल. एखाददुसरा अभंग चिरकाल ऐकावयास मिळावा एवढीच ज्याची इच्छा, त्याने एकवेळचे शुल्कच पत्करावे.

चालीच्या कर्त्याचे स्वामित्वधन हा निराळा विषय. ते सामान्यतः वितरकाच्या हिशेबात येत नाही. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घ्यावे लागते. राहता राहिले टाळकरी व पखवाजी. भजन मंडळाचे असते, करारावर सही एकाची. म्हणून उत्पन्नातील त्यांचा वाटा प्रपत्र भरण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावा.