मेग्ज फील्डची एक फेरी

पडदा उजळतो तेव्हा विमान धावपट्टीवर उभं असतं. नाक उत्तरेला, डाव्या हाताला शिकागोच्या उंच इमारती, उजव्या हाताला मिशिगन सरोवर. इंजिन चालू. पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. १९८२ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरनं हा प्रारंभ निवडला आणि पुढच्या अनेक आवृत्त्यांनी तो जपला. जगभरातल्या असंख्य हौशी लोकांचं पहिलं उड्डाण मेग्ज फील्ड विमानतळाच्या या ३६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून झालं. माझंही तिथूनच झालं. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकावी तशी ही फेरी मी इतक्यांदा मारली आहे, की आता तिच्यातल्या जागा दिसू लागल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे स्थळाची निवड. या सिम्युलेटरचे कर्ते ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्रबंध लिहिला तो उड्डाणाचं दृश्य संगणकाच्या पडद्यावर उमटवण्यावर. त्या काळच्या घरगुती संगणकाला मोजक्याच रेषा झेपत. अशा वेळी सरोवराकाठचा हा चिंचोळा तुकडा किती नेमका! पाणी सपाट, म्हणून क्षितिज नितळ. विमान जरा कललं तरी लगेच कळतं. इमारती ताठ, म्हणून आपण किती वर आलो तेही कळतं. एक आडवी रेषा आणि काही उभ्या रेषा, एवढ्या भांडवलावर आकाश उभं राहतं.

दुसरी जागा फेरीच्या घडणीत आहे. उड्डाण करायचं, उजवीकडे सरोवरावर वळायचं, पाण्यापासून हजार फुटांवर येऊन धावपट्टीला समांतर दक्षिणेकडे जायचं, मग पश्चिमेला, मग पुन्हा उत्तरेला वळून उतरायचं. वैमानिक याला सर्किट म्हणतात. गाणाऱ्याला पलटे असतात तसं हे. समांतर चालीत, म्हणजे डाउनविंडला, धावपट्टी उजवीकडे मागे सरत जाते आणि ती पाहायला कळ दाबून नजर फिरवावी लागते. तिचं टोक पंखापाशी आलं की थ्रॉटल कमी, फ्लॅप्स खाली. शेवटच्या वळणानंतर धावपट्टी समोर येते आणि फायनल, म्हणजे उतरण्याचा शेवटचा सरळ टप्पा, सुरू होतो.

या फेरीची सम फायनलवर आहे. धावपट्टीवरच्या ज्या ठिपक्याकडे आपण खरोखर चाललो आहोत, तो समोरच्या काचेत हलत नाही. बाकी सारं त्याच्यापासून चहूबाजूंना पसरत जातं. ठिपका काचेत वर सरकू लागला तर आपण अलीकडेच पडणार. खाली सरकला तर पलीकडे जाणार. खऱ्या विमानातही नियम हाच. चार रंगांच्या पडद्यावर हा स्थिर ठिपका मला पहिल्यांदा सापडला, तेव्हाचा आनंद अजून ताजा आहे.

हे सगळं डोळ्यांनी घडतं. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही. सिम्युलेटरची ही उणीव म्हणून सांगतात. ढगात शिरलं की तिचं मोल कळतं.

ढगात क्षितिज नाहीसं होतं. विमान एका बाजूला कलून संथपणे वळत राहिलं, तर आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत अशी शरीर ग्वाही देतं. विमान खरोखर सरळ केलं, तर उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठातच झालेल्या एका प्रयोगात, केवळ उपकरणं पाहून उडवायची सवय नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसांच्या वीसही जणांचा ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. सिम्युलेटरवर घडलेल्या माणसाला शरीराची ही खोटी साक्ष ऐकायची सवयच नसते. तो मुकाट्यानं डायल वाचतो.

सिम्युलेटरच्या पूर्वजाला मान मिळाला तोही ढगांमुळेच. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता. तिथले भाते वापरून एडविननी १९२९ मध्ये डोलणारी एक बैठी पेटी बनवली. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवेत अनेक वैमानिक गेले, आणि मग लष्करानं अशा सहा पेट्या विकत घेतल्या. आपल्या बाजाच्या पेटीला सूर देणारा भाता तिकडे माणसाला आंधळ्या आकाशात सरळ राहायला शिकवत होता, हे आठवलं की मला या छंदाविषयी फार आपुलकी वाटते.

पुढे मी खऱ्या विमानात शिकायला गेले. खासगी परवान्याच्या ४० तासांत घरच्या संगणकावरचा एकही तास धरत नाहीत. का, ते पहिल्याच दिवशी कळलं. डायल सगळे ओळखीचे निघाले, रेडिओवरची भाषाही. पण माझे डोळे त्या डायलांवरून उठेनात. "आत काय बघतेस? बाहेर बघ," सर पुन्हा पुन्हा म्हणत. घरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग कायम सारखीच ताणलेली असते. इथे वेग बदलला की हातातलं वजन बदलत होतं, आणि ट्रिमचं चाक फिरवून तो भार हातावरून उतरवायचा होता. घरी मी ट्रिम डोळ्यांनी लावत होते. इथे ते तळहाताला कळायला हवं होतं. थ्रॉटल पुढे सारताच नाक डावीकडे ओढ घेई आणि पेडल दाबायला झोपलेल्या उजव्या पायाला जाग येई.

आणि शेवटचे वीस फूट. तिथे स्थिर ठिपका सोडून नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला न्यायची, मागे ओढत विमान तरंगत ठेवायचं, आणि बैठकीखालून ते कधी बसू लागतं याची वाट पाहायची. ही वाट पाहणं पडद्यानं मला शिकवलं नव्हतं. ढगात ज्या शरीराचं ऐकायचं नाही, त्याचंच इथे ऐकायचं.

३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांच्या हुकुमानं बुलडोझर आले आणि मेग्जच्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून गेले. १६ विमानं तिथेच अडकली. आज त्या जागी उद्यान आहे. जुन्या आवृत्त्यांत मात्र ती धावपट्टी शाबूत आहे, आणि मी अजून तिथे जाते. सरोवरावरून वळते, ठिपका काचेत स्थिर धरते, धावपट्टी जवळ येते. टेबलाखाली पेडल नाहीत, तरी उजवा पाय फरशीवर दाबला जातो. नजर आपोआप दूरच्या टोकाला जाते, आणि क्षणभर मी खुर्ची खाली बसण्याची वाट पाहते.