चौकटीत न मावणारी वसई

जगातील जमिनीचा गेल्या 12 हजार वर्षांतला वापर दाखवणारे नकाशे आता शाळेतल्या संगणकावरही पाहता येतात. त्यांपैकी 'हाइड' नावाचा संच सर्वाधिक वापरला जातो. नेदरलँड्समधील कीस क्लाइन गोल्डेवाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सिद्ध केला. जमिनीचा वापर बदलल्यामुळे हवेत किती कार्बन गेला असावा, याच्या गणितात त्याचा आधार घेतात. म्हणूनच हे आकडे येतात कुठून, हे एकदा तपासायला हवे. तपासणीसाठी आम्ही वसई निवडली, कारण शेत, वाडी, मिठागर, खाजण, डोंगर आणि शहर हे सारे तिथे एकाच तालुक्यात सापडते.

हाइडमध्ये पृथ्वीचे पाच-पाच कला लांबी-रुंदीचे चौकोन पाडले आहेत. वसईच्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारे 80 चौ. कि.मी. भरतो. 1990 साली सिडकोकडे नियोजनासाठी सोपवलेला वसई-विरार उपप्रदेश सुमारे 380 चौ. कि.मी.चा, म्हणजे पाच चौकोनांत संपला! प्रत्येक चौकोनात पिकाखाली किती जमीन, चराईखाली किती, बांधकामाखाली किती, एवढे कळते. नव्या आवृत्त्यांत बागायत, जिरायत आणि भातही वेगळे काढले आहे.

पण जुन्या काळाची मोजणी कोणी केली होती? कोणीच नाही. 1960 नंतरच्या काळासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची आकडेवारी आहे. त्याआधी देशाच्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायचा, त्याला दरडोई लागवडीने गुणायचे, आणि येणारी जमीन उतार, माती, पाणी पाहून चौकोनांत वाटायची, अशी रीत आहे. म्हणजे वसईचा भूतकाळ वसईतल्या पुराव्यावरून आलेला नसून देशाच्या बेरजेतून वाट्याला आलेला आहे. देशासाठी ही रीत चालून जाते. तालुक्याला लावून पाहा. 2011च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सुमारे 12 लाख 20 हजार होती. उदाहरणापुरते माणशी 10 गुंठे धरले, तर 1,200 चौ. कि.मी.हून अधिक लागवड हवी; उपप्रदेशाच्या तिपटीहून जास्त! इथे माणसे वाढली तशी शेती घटली. धान्य रेल्वेने आणि ट्रकने आले.

हे केवळ आजचे आहे, असेही नाही. सोपारा हे प्राचीन बंदर. तिथे अशोकाचा शिलालेख सापडला आणि 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. व्यापारी बंदरातली सगळी माणसे भोवतालच्या शेतावरच जगत असतील, असे गृहीत धरता येत नाही. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात 250हून अधिक पुरातत्त्वज्ञांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. माणसाने जमिनीत मोठे बदल घडवले ते हाइड दाखवते त्याच्या बरेच आधी, असे त्यात दिसले. हाइडचे कर्ते स्वतः कमाल व किमान मर्यादा देतात, हे त्यांचे प्रामाणिकपण. त्या मर्यादा गाळून एकच रंगीत नकाशा छापणाऱ्यांना मात्र दोष द्यावा लागेल.

आमचा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. जमिनीचा वापर टिकाऊ आहे की नाही, हे जमिनीवर काय उगवले आहे एवढ्यावरून ठरत नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेल आणि फुलांच्या वाड्या आहेत. त्या उभ्या राहिल्या विहिरी आणि बावखलांच्या जिवावर. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे, जमिनीत मुरवणारे तळे. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घनतेतल्या फरकामुळे समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर पातळीखाली सुमारे 40 मीटर असू शकते. उलट बाजूने पाहा: वरची पातळी एक मीटर उतरली आणि तशीच राहिली, की खालचे खारे पाणी 40 मीटर वर सरकू पाहते. 1980च्या दशकाअखेरीस वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने वाढत्या वस्तीकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई चळवळीने त्याला विरोध केला तो उगाच नव्हे. विहीर खारी होत असली, तरी वाडी करपेपर्यंत नकाशात 'बागायत'च राहणार. बावखल तर इतके लहान की बुजवले तरी चौकोनाला पत्ता नाही.

मिठागरांचे आणि खाजणांचे आणखी निराळे. ती ना पीक, ना चराई, ना वस्ती. हिशेबात उरलेली जागा. शिवाराचे आणि भरतीचे पाणी पसरायला मात्र हीच जागा लागते. 2018च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेले, मिठागरांवरच्या वस्तीतली शेकडो माणसे अडकून पडली आणि रेल्वे बंद पडली. 'उरलेल्या' जागेचे काम काय, हे तेव्हा दिसले.

वर्गात हाइडचा नकाशा जरूर दाखवावा; खंडांची तुलना करायला तो उत्तमच आहे. त्याच्या शेजारी गावाचा सातबारा ठेवावा. त्यातल्या बाराव्या नमुन्यात पिकाबरोबर जलसिंचनाच्या साधनाचाही रकाना असतो. जुने आणि नवे उतारे मिळवून विद्यार्थ्यांनी तो रकाना वर्षागणिक वाचावा, आणि जिथे 'विहीर' लिहिले आहे तिथे जाऊन पाणी चाखून पाहावे.