बशीवरचा सिकाडा आणि दुपारचे ऊन

फ्रान्सची सहल करून आलेल्या एका प्राध्यापक मित्राने दिवाणखान्यात पिवळ्या झिलईची चिनीमातीची बशी टांगली आहे. तिच्यावर ऑलिव्हची फांदी आणि फांदीवर उठावाचा सिकाडा. आपल्याकडे उन्हाळ्यात झाडाला चिकटून किरकिरणाऱ्या कीटकाच्याच जातकुळीतला. येणारे-जाणारे 'काय सुंदर!' म्हणतात. सुंदर आहेच. पण हे सौंदर्य कोणाच्या जगण्यातून उचलले, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात एक लोककथा सांगतात. भर दुपारी झाडाखाली झोपलेले शेतकरी देवाला आळशी वाटले. त्यांना उठवायला त्याने सिकाडे पाठवले. झाले उलटेच! त्या एकसुरी किरकिरीने शेतकऱ्यांना अधिकच गाढ झोप लागली.

पहाटेपासून राबलेल्या माणसाच्या घटकाभर विसाव्याला 'आळस' हे नाव कोण देतो? माझी आई ज्वारीच्या काढणीला जाई. ती बांधावर जरा टेकली की मालकाच्या तोंडून हाच शब्द येई. प्रोव्हान्सच्या कथेत मात्र देवाने नेमलेला मुकादमच अंगाई गाऊ लागतो. हे हसू कष्टकऱ्यांचे आहे, दरबारी कवीला ते सुचणार नाही.

ला फोंतेनने १६६८ साली नीतिकथेत याच कीटकाला मुंगीच्या दारी याचना करणारा गाणारा आळशी ठरवले. प्रोव्हान्समध्येच आयुष्यभर कीटक न्याहाळणाऱ्या फाब्रने पुढे लिहिले, की सिकाडा फांदीला भोक पाडून रस काढतो आणि तो लुबाडायला मुंग्याच येतात. तरी फ्रान्समधली शाळकरी पोरे पाठ करतात ती ला फोंतेनचीच कथा.

आता बशीकडे येऊ. १८९५ साली मार्सेलच्या एका कौलांच्या कंपनीला ग्राहकांसाठी भेटवस्तू हवी होती. ओबान्यच्या लुई सिकारने ऑलिव्हच्या फांदीवरचा सिकाडा घडवला. ते कागद दाबून ठेवायचे वजन होते. त्यावर कवी मिस्त्रालचे बोधवाक्य होते; ऊन मला गायला लावते, अशा अर्थाचे. पुढे तोच कीटक बश्या, सुरया, फुलदाण्यांवर चढला. भेट ग्राहकांसाठी होती, कौलांची माती तुडवणाऱ्यांसाठी नव्हे.

सिकारचे कसब मी नाकारत नाही. माझे भांडण आहे ते त्या उन्हाशी. लोककथेतले ऊन माणसाला झाडाखाली ढकलते. बशीवरचे ऊन सुट्टीवर आलेल्यांचे आहे. कीटक उरला, त्याची फांदी उरली. झोपलेला शेतकरी तेवढा गळाला, आणि त्याच्याबरोबर देवाची फजितीही. आपल्याकडचे समीक्षक याला 'लोककलेचा आविष्कार' म्हणून मोकळे होतील. लोकच नसतील तर ही लोककला कसली?

सिकारच्या मागून आलेल्या एखाद्या कुंभाराने फांदीखाली आडवा झालेला माणूसही घडवला असेल, तर ती बशी मला पाहायची आहे.